घरच्या आर्केडसाठी बिनतारी कंट्रोल पॅनल

प्रश्न: टीव्हीला जोडलेल्या रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर मी रेट्रोपाय हे जुने व्हिडिओ गेम चालवणारे सॉफ्टवेअर वापरतो. प्लायवुडच्या पेटीत जॉयस्टिक आणि ३० मिलिमीटरची आठ बटणे बसवून, मांडीवर घेऊन खेळता येईल असे बिनतारी पॅनल करायचे आहे. ब्लूटूथमुळे जाणवण्याइतका विलंब होईल का आणि बॅटरी कोणती घ्यावी, याबाबत जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १: बटणे वाचून ब्लूटूथने संदेश पाठवणारा ईएसपी३२ हा मायक्रोकंट्रोलर घ्यावा, मात्र त्याच्या एस२ प्रकारात ब्लूटूथच नसते, हे दुकानात पाहून घ्यावे. या चिपवरील ब्लूटूथ लो एनर्जी (कमी वीज खाणारे ब्लूटूथ) मध्ये दोन संदेशांतील किमान अंतर ७.५ मिलिसेकंद असते, तर सेकंदाला ६० चित्रे दाखवणाऱ्या खेळातील एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. त्यामुळे ब्लूटूथला दोष देण्यापूर्वी टीव्हीचा गेम मोड (चित्र दाखवण्यातला विलंब कमी करणारी सोय) सुरू करावा. बटणे जोडताना ३४ ते ३९ या पिना टाळाव्यात. त्यांना अंतर्गत पुल-अप (बटण मोकळे असताना पिनेचा दाब स्थिर ठेवणारा रेझिस्टर) नसल्याने, बाहेरून रेझिस्टर न लावल्यास बटण न दाबताही दाबल्याची नोंद होऊ शकते.

उत्तर २: संरक्षण सर्किट असलेले टीपी४०५६ चार्जिंग मॉड्यूल आणि एक १८६५० आकाराचा लिथियम-आयन सेल पुरेसा आहे. दाब ३.३ व्होल्टवर आणणारा एएमएस१११७ रेग्युलेटर मात्र येथे कुचकामी ठरतो, कारण त्याला ३.३ व्होल्ट देण्यासाठी साधारण १.१ व्होल्ट अधिक लागतात आणि सेलचा दाब बहुतांश वेळ ३.७ च्या आसपासच असतो.

उत्तर ३: वरचा पत्रा धातूचा असेल, तर अँटेना त्याच्याखाली दडपू नये. मारामारीचे खेळ गांभीर्याने खेळणार असाल, तर माझ्या मते तारेला पर्याय नाही.