मदत हवी आहे: 'आउटर वाइल्ड्स'नंतर लेकीबरोबर काय खेळू, काय पाहू, काय वाचू?

नमस्कार मंडळी,

नुसतं 'चांगली विज्ञानकथा सुचवा' म्हटलं की ढीगभर नावं येतात आणि त्यातली बरीचशी माझ्या कामाची नसतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझी लेक सतरा वर्षांची आहे. ती गेम खेळते, मी पुस्तकं वाचते, आणि एकमेकींच्या आवडीत आम्ही कधी फारसं डोकावलो नव्हतो. मागच्या सुट्टीत तिनं मला शेजारी बसवून 'आउटर वाइल्ड्स' सुरू केला. २०१९चा गेम. एक चिमुकली सूर्यमाला, लाकडी फळ्या ठोकून बनवल्यासारखं यान, आणि २२ मिनिटांनी सूर्याचा स्फोट होऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून. लढाया नाहीत, ताकद वाढवत नेणं नाही. पुढच्या फेरीत सोबत येतं ते फक्त आपल्याला कळलेलं. शेवटाकडे जाणारी वाट सुरुवातीपासून उघडीच असते, पण ती वाट आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं.

ती यान चालवायची, मी वहीत टिपणं काढायचे. एका ग्रहाचं कवच तुकड्या-तुकड्यानं आतल्या कृष्णविवरात कोसळत असतं. दोन जुळ्या ग्रहांमध्ये वाळू एकावरून दुसऱ्यावर वाहत असते, त्यामुळे कुठली गुहा कधी बुजेल आणि कुठलं दार कधी उघडं पडेल याचं वेळापत्रकच मांडावं लागतं. ते वेळापत्रक अजून माझ्या वहीत आहे. शेवट आला तेव्हा आम्ही दोघी रडत होतो. का, ते इथे लिहीत नाही. ज्यांनी खेळला नसेल त्यांनी काहीही न वाचता खेळावा.

तेव्हापासून आम्ही हेच शोधतोय: ज्या गोष्टीत जगाचे नियम पक्के आहेत, ते आपल्याला शोधून काढावे लागतात, आणि ते कळले की आधी पाहिलेल्या प्रत्येक गोष्टीचा अर्थ बदलतो. मला ही गोडी शाळेत असताना जयंत नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती'नं लावली. चमत्कारासारखं काहीतरी समोर येतं आणि त्याच्या मुळाशी मोबियस पट्टीची (पीळ देऊन टोकं जोडलेली, एकच बाजू असलेली पट्टी) भूमिती निघते. ती कथा मी लेकीला वाचून दाखवली. कागदाची पट्टी पिळून चिकटवून आम्ही तिच्यावर पेन फिरवून पाहिलं, आणि मग ती म्हणाली, "आई, हे तर आपल्या गेमसारखंच आहे."

आतापर्यंत जे जमलं ते सांगते, म्हणजे तीच नावं पुन्हा येणार नाहीत.

'रिटर्न ऑफ द ओब्रा डिन' संपवला. १८०७मध्ये एक हरवलेलं जहाज परत येतं, त्यावरच्या ६० माणसांपैकी प्रत्येकाचं नाव आणि त्याचं काय झालं ते आपण ठरवायचं. तीन जणांचं अचूक भरलं तरच गेम ते पक्कं करतो, त्यामुळे अंदाजपंचे चालत नाही. पोशाख, बोलण्याची ढब, कोण कोणाच्या शेजारी उभं आहे, सगळं बघावं लागतं. दोघींनी मिळून खेळायला फार सुंदर.

मालिकांमध्ये 'डार्क'. मूळ जर्मनच ठेवून उपशीर्षकांसह पाहिली. ३३ वर्षांच्या टप्प्यांनी जोडलेले काळ आणि चार कुटुंबं, भिंतीवर वंशावळ लावल्याशिवाय आम्हाला झेपलं नसतं. २६ भागांत गोष्ट पूर्ण होते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. 'द एक्सपान्स'ही आवडली, वाटेच्या मध्यावर यान उलटं फिरवून वेग कमी करतात एवढ्या तपशिलासाठीसुद्धा! पण तिथे शोधण्यापेक्षा राजकारण जास्त आहे.

टेड चियांग यांची 'स्टोरी ऑफ युअर लाइफ' ही कथा आम्ही दोघींनी वेगवेगळी वाचली आणि मग रात्री एक वाजेपर्यंत बोलत बसलो. प्रकाश सर्वांत कमी वेळाची वाट घेतो, या फर्माच्या तत्त्वातून एका आईची गोष्ट उलगडत जाते. लेकीशी बोलताना मला मध्येच थांबावं लागलं.

आता प्रश्न.

'आउटर वाइल्ड्स'मध्येच भर घालणारा विस्तार, 'एकोज ऑफ द आय', कोणी खेळला आहे का? लेकीला अंधारातल्या पाठलागाची खरोखर भीती वाटते. भीतीचे प्रसंग सौम्य करण्याचा पर्याय सेटिंगमध्ये आहे, पण तो पुरेसा पडतो का?

दुसरं, ज्याबद्दल माझं मन ठरत नाहीये. मला तिला स्तानिस्वाव लेम यांची 'सोलारिस' द्यायची आहे. त्यात एका परग्रहाला व्यापणारा महासागर आहे, तो काय आहे हे माणसांना कळतच नाही, संपूर्ण शास्त्र उभं राहतं आणि तरी कळत नाही. मला स्वतःला ती कादंबरी त्यामुळेच थोर वाटते. पण जिला प्रत्येक कोडं सुटण्याची सवय लागली आहे, तिला हे फसवणुकीसारखं वाटेल का? तुमच्या घरातल्या मुलांना अशी पुस्तकं कधी दिलीत आणि काय झालं? मी पूर्वी वाचला तो इंग्रजी अनुवाद फ्रेंचवरून केलेला होता. थेट पोलिशवरून झालेला २०११चा अनुवाद कोणी वाचला असेल तर फरक सांगा.

आणि मालिका सुचवताना कृपया पूर्ण झालेलीच सुचवा. अर्ध्यावर बंद पडलेल्या दोन मालिकांनी तिचा फार हिरमोड केला आहे. शेवटी 'ते सगळं स्वप्न होतं' असं निघणारं काही नको.

भर: व्यनि (व्यक्तिगत निरोप) करणाऱ्या सर्वांचे आभार. दोघांनी 'चँट्स ऑफ सेनार' सुचवला, तो काल सुरू केला. मनोऱ्याच्या प्रत्येक टप्प्यावर वेगळी भाषा, चिन्हांचे अर्थ आपणच लावायचे. 'दार' आणि 'उघड' यांत आमचा घोळ झाला आणि त्यावर तासभर वाद घातला. वही पुन्हा बाहेर आली आहे. 'सोलारिस'बद्दल मात्र अजून कोणी लिहिलं नाही, तेवढं सांगा. सुट्टी संपायला बारा दिवस आहेत.