मदत हवी आहे: गावाचं जंगल सांभाळायला काय वाचू?

नमस्कार मंडळी, आमच्या गावाला (गडचिरोली जिल्हा) २००६ च्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालाय, आता ग्रामसभेला जंगलाचा मॅनेजमेंट प्लॅन करायचाय आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. मेंढा-लेखाबद्दल (आमच्याच जिल्ह्यातलं, असा सामूहिक वनहक्क मिळवलेलं गाव) बरंच वाचलंय, पण ते सगळं हक्क कसा मिळवला याचं, पुढे जंगलात नेमकं काय करायचं ते कुठे सापडत नाहीये. म्हणजे बांबूच्या एका बेटातून किती काढायचे, नवे कोंब तर ठेवायचेच पण जुने किती राखायचे, साग दाट झालाय तिथे विरळणी कधी करायची, आणि तेंदूला पालवी यावी म्हणून उन्हाळ्यात आग लावतात त्याने मोह-चारोळीची रोपं मरतात त्याचं काय (हा वाद तर दरवर्षीचा). वनखात्याचा वर्किंग प्लॅन चाळला, पण त्यात कूप (झाडतोडीसाठी आखलेले जंगलाचे भाग) आणि लाकडाचे घनमीटर एवढंच, मध-मोहाचा हिशोब जवळजवळ नाहीच.

मराठीत काही असेल तर बेस्ट, कारण सभेत मोठ्याने वाचून दाखवायचंय. इंग्रजी पण चालेल, फक्त मध्य भारतातल्या पानझडी जंगलाचं हवं, युरोपातल्या पाइनचं नको. पीडीएफ असेल तर टाका प्लीज, आणि कुणाच्या गावाने प्लॅन केला असेल तर तोही बघायला आवडेल.