लॉकवूड डी फॉरेस्टचे कागद वाचायचे कसे, आणि आमच्या आजोबांच्या ट्रंकेचं काय करू?

खणभागची_मुक्ता (सांगली)
नमस्कार सगळ्यांना. मी इंटिरिअर डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे, प्रोजेक्टला विषय आलाय अमेरिकेतला सुरुवातीचा एखादा इंटिरिअर डिझायनर आणि त्याची मागे राहिलेली कागदपत्रं. वर्गात बहुतेकांनी एल्सी डी वुल्फ घेतली, मी पण तीच घेणार होते, पण शोधता शोधता लॉकवूड डी फॉरेस्ट सापडला (१८५० ते १९३२) आणि तिथंच अडकले, कारण हा माणूस न्यूयॉर्कच्या श्रीमंतांची घरं सजवायचा ती अहमदाबादच्या सुतारांनी कोरलेल्या सागवानानं! आमचे आजोबा सुतार होते, आयुष्यभर वाड्यांची दुरुस्ती केली, त्यामुळं हे वाचून अंगावर काटाच आला.

त्याचे कागद आर्काइव्हज ऑफ अमेरिकन आर्ट या अमेरिकेतल्या कलेच्या कागदपत्रांच्या संग्रहालयात आहेत, तिथले बरेचसे स्कॅन करून साइटवर टाकलेत, फुकट बघता येतात. पण उघडलं की पत्रं, वह्या, फोटो, सगळं तिरक्या अक्षरातलं, दोन रात्री नुसती स्क्रोल करतीये आणि हाताला काही लागत नाही. हे वाचायचं कसं? आणि त्याला इंटिरिअर डिझायनर म्हटलं तर सर हरकत घेतील का, कारण तो तर मूळचा चित्रकार.

अजून एक, हे प्रोजेक्टचं नाही. आजोबांची एक लोखंडी ट्रंक आहे, त्यात महिरपींचे खाके, सुरूच्या खांबांची मापं, ट्रेसिंग, काही निळ्या ब्लू प्रिंट. २०१९ ला कृष्णा आयर्विन पुलाला ५७ फुटांच्या वर गेली तेव्हा ट्रंक पलंगावर ठेवून आम्ही बाहेर पडलो, पाणी पलंगाला लागलं आणि खालचा थर भिजला. नंतर उन्हात वाळवलं पण कागद चिकटलेत, वास येतो. बाबा म्हणतात रद्दीत घाल. मला घालवत नाही.

वाडेवेडा (सातारा)
मुक्ता, विषय फार चांगला निवडलास. आधी तुझ्या सरांच्या हरकतीचं बघू. एल्सी डी वुल्फला न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लबचं, म्हणजे बायकांच्या एका क्लबचं, काम मिळालं १९०५ ला आणि क्लब उघडला १९०७ ला, बाईंना पहिली व्यावसायिक डेकोरेटर म्हणतात ते तिथून. डी फॉरेस्ट त्याच्या २५ वर्षं आधीच लोकांच्या भिंती, छतं, दारं, फर्निचर सगळं एका हातानं ठरवत होता. तेव्हा या धंद्याला नावच धड नव्हतं, म्हणून सुरुवातीची ही सगळी माणसं दुसरीकडनंच आलेली दिसतील, कोणी चित्रकार, कोणी भरतकाम करणारी, एल्सी स्वतः नाटकात काम करायची. हा चित्रकलेतनं आला, फ्रेडरिक चर्च हा मोठा निसर्गचित्रकार त्याचा नातलग, त्याच्याकडं शिकला. चर्चचं ओलाना नावाचं घर हडसन नदीकाठी आहे, तिथं पण याचं काम बघायला मिळतं.

मग १८७९ च्या सुमाराला रंगीत काचकामवाला लुई टिफनी, चित्रकार सॅम्युअल कोलमन आणि भरतकामवाल्या कँडेस व्हीलर यांच्याबरोबर सजावटीच्या धंद्यात शिरला. (या व्हीलरबाई १८२७ च्या, जन्मगावाचं नाव काय तर दिल्ली, पण न्यूयॉर्क राज्यातलं!) १८८० ला लग्न झालं आणि नवराबायको भारतात आले. अहमदाबादला मगनभाई हठीसिंग भेटले, तिथलं १८४८ चं हठीसिंग जैन मंदिर ज्यांच्या घराण्यानं बांधलं तेच हे घराणं, आणि १८८१ ला दोघांनी मिळून कोरीवकामाचा कारखाना काढला. त्या वेळी गावातले सावकार विलायती पद्धतीची घरं मागायला लागलेले, कोरणाऱ्यांना काम कमी झालेलं. कारखान्याचं डोकं असं की जुन्या घरांवरची, मशिदींवरची नक्षी उतरवून घ्यायची, सागात कोरायची आणि जहाजानं न्यूयॉर्कला पाठवायची. शिवाय पितळेच्या पत्र्यात जाळी कापून घ्यायचा, ती तिकडं छताला नि दारांना लावायचा.

न्यूयॉर्कला ७ ईस्ट टेन्थ स्ट्रीटला त्यानं १८८७ ला स्वतःचं घर बांधलं, रस्त्याच्या बाजूला कोरीव सागवानी गवाक्ष काढलं आणि ते आजही उभं आहे. तिकडचा बर्फ, पाऊस खाऊन! अँड्र्यू कार्नेगीच्या हवेलीतली लायब्ररी पण त्याचीच, ती हवेली म्हणजे आताचं कूपर ह्यूइट म्युझियम. ब्रिन मॉर या अमेरिकेतल्या मुलींच्या कॉलेजमधलं डीनरी, म्हणजे डीनचं राहतं घर, पण त्यानंच सजवलेलं, ते मात्र १९६८ ला पाडलं, आणि कागदांची किंमत कळते ती अशा ठिकाणी, वास्तू गेली की ती खोली कशी होती ते पत्रांतनं नि फोटोंतनंच काढावं लागतं. १८८५ ला त्यानं भारतातल्या घरांच्या वास्तुकलेवर पुस्तक काढलं, १९१२ ला भारतीय कारागिरांच्या रेषेवर आणखी एक. ही दोन्ही कागदांशेजारी उघडून ठेव, पत्रात एखाद्या खिडकीचा उल्लेख आला की पुस्तकात शोध.

मिरजेचा_रंधा
ताई आमी पिढीजात सुतार. तुमी दिलेल्या नावावरनं ते न्यूयॉर्कचं गवाक्ष फोटोत बगितलं, मोठं करून बगितलं. काम एक नंबर हाय. पानाची कड बगा, पटाशी रेशाच्या उलट गेली असती तर तिथं लाकूड उपटलं असतं, कुटंच उपटल्यालं न्हाई. साग त्येल धरून असतोय म्हणून पाण्यापावसात तग धरतोय, त्यात नवल न्हाई, पर एवढी बारीक जाळी तुटली न्हाई ह्येचं नवल.

आन् आजोबांचा खाका रद्दीत घालू नका ओ. खाक्याला बारीक भोकं असत्यात, त्यावर गेरूची न्हाईतर कोळशाची पूड पुरचुंडीत बांधून आपटायची, की नक्षी लाकडावर उतरती. भोकाच्या कडंला अजून गेरू दिसला तर समजा त्यो खाका खरंच कामाला लागलाय, नुसता काढून ठेवल्याला न्हाई. आमच्या वडलांचं सगळं गेलं २००५ च्या पुरात, आता महिरप काढायची म्हटली तर कुणाच्या तरी वाड्यात जाऊन कागद लावून उतरवून आणावी लागती, आन् वाडंच ऱ्हायलं न्हाईत.

कृष्णाकाठ७१
मला एक खटकतं. नक्षी आपली, हात आपले, आणि नाव सगळं त्या साहेबाचं. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममध्ये गुजरातमधल्या पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिराचा सोळाव्या शतकातला कोरीव लाकडी घुमट आहे, तो पण या लॉकवूडनं आणि त्याच्या भावानं १९१६ ला दिलेला. आपल्याकडचं असं तिकडं गेलंय. प्रोजेक्टमध्ये हे पण यायला पाहिजे.

वाडेवेडा (सातारा)
यायलाच पाहिजे, एकदम मान्य. म्हणूनच मुक्ता, वाचताना एक वेगळी वही कर आणि जिथं जिथं मिस्त्री, कोरणारे, मजुरी, ऑर्डर किती दिवसांत झाली असं काही दिसेल तेवढंच त्यात उतरव. त्याच्या करिअरवर लिहिणारे पुष्कळ सापडतील, कारखान्यातल्या माणसांसाठी ते कागद चाळणारे थोडे. पण त्या कारखान्यानं कोरणाऱ्यांना अनेक वर्षं काम मिळालं हे पण लिही, दोन्ही खरं आहे.

जुनी_लायब्ररीवाली (कराड)
मुक्ता बाळ, मी ग्रंथालयात ३० वर्षं काढली, त्यातली बरीच जुन्या दप्तरांत. स्क्रोल करणं बंद कर आधी. अशा संग्रहाची एक सूची असते, ती वाच. सुरुवातीला माणसाचं चरित्र थोडक्यात दिलेलं असतं, मग कागद मालिकांत लावलेले असतात, पत्रं वेगळी, हिशेब नि धंद्याचे कागद वेगळे, लिखाण वेगळं, फोटो वेगळे, आणि त्याखाली बॉक्स आणि फोल्डरचे नंबर. तुला सगळं वाचायचं नाहीये. एक वर्ष धर, १८८१ धर, आणि तेवढ्याच सालाचे फोल्डर उघड. अक्षर लागत नसेल तर त्याच्याच हातच्या सोप्या शब्दांवरनं, अहमदाबाद, बॉम्बे, तारीख, यावरनं त्याची एबीसीडी कागदावर काढून भिंतीला लाव, चारपाच पानांत डोळा बसतो. आणि काही उतरवलंस की बॉक्स-फोल्डर नंबर लगेच शेजारी लिही, नंतर सापडत नाही म्हणून रडणारी कितीतरी मुलं मी बघितलीत.

आता ट्रंक. चिकटलेले कागद ओढून सोडवू नकोस. ओले असतानाच ४८ तासांच्या आत काही केलं असतं तर बुरशी टळली असती, फ्रीजरमध्ये ठेवले तरी ती थांबते, पण ते आता गेलं. मास्क लाव, गच्चीवर सावलीत मऊ ब्रशनं बुरशी झाडून काढ, घरात नको. ऊन दाखवू नकोस परत, शाई आणि ब्लू प्रिंट दोन्ही उडतात. ब्लू प्रिंटचा निळा रंग अल्कलीनं पण फिका होतो म्हणून त्या बाकीच्यांत मिसळू नकोस, वेगळ्या ठेव. सेलोटेप नाही, लॅमिनेशन अजिबात नाही, स्टेपलर आणि टाचण्या हळूच काढ, गंज कागद खातो. ट्रंक पण गंजलेली असणार, तिच्यातनं बाहेर काढ, पण ज्या क्रमानं निघतील त्या क्रमाचा फोटो आधी घे, आजोबांनी काय कशाजवळ ठेवलं होतं हीसुद्धा माहितीच असते. नंबर पेन्सिलनं, मागच्या बाजूला कोपऱ्यात. चिकटलेला गठ्ठा तसाच राहू दे, त्याला जाणकार माणूस लागेल.

खणभागची_मुक्ता (सांगली)
सगळ्यांचे मनापासून आभार, काकू तुमचे तर फारच. काल संध्याकाळी बाबांना घेऊनच गच्चीवर बसले. वरचे ४० एक कागद मोकळे निघाले. रंधाभाऊ, तुम्ही म्हणाला तसा गेरू दिसला! एका महिरपीच्या खाक्याला सगळ्या भोकांभोवती तांबडं आहे आणि एका बाजूला बोटाचा ठसा.

आणि एका ट्रेसिंगच्या मागं आजोबांनी हजेरी मांडलीये, सहा जणांची नावं, पुढं उभ्या रेघा, किती दिवस आले त्याच्या, आणि एकापुढं 'आजारी, पैसे द्यायचे' असं. बाबांनी त्यातली दोन नावं ओळखली, ते लहानपणी त्यांच्याबरोबर डबा खायचे म्हणाले. रद्दीचं काही बोलले नाहीत, वर जाऊन स्वतःच अजून एक चादर आणली अंथरायला.

डी फॉरेस्टचा १८८१ चा फोल्डर उघडलाय, एबीसीडी भिंतीला लावली, मगनभाईंचं नाव तो वेगळ्याच स्पेलिंगनं लिहितो त्यामुळं मला सर्चमध्ये सापडत नव्हतं. काकू एक शेवटचं विचारते, ट्रेसिंगचा कागद कडकड वाजतोय आणि गुंडाळीतच वाळलाय, तो सरळ करायला वर वजन ठेवू का तसाच गुंडाळलेला राहू देऊ?

जुनी_लायब्ररीवाली (कराड)
वजन नको, मोडेल. सध्या जाड पुठ्ठ्याच्या नळीवर स्वच्छ मलमल गुंडाळ आणि त्यावर ट्रेसिंग सैल घे, हजेरीची बाजू आत. फोटो मात्र आजच काढ.