मदत हवी आहे : ड्रमवर टिकणारी लेबलं

नमस्कार मंडळी. आमचं छोटं युनिट लोटे एमआयडीसीत. २०० लिटरच्या निळ्या एचडीपीई (एक प्रकारचं टणक प्लास्टिक) ड्रममध्ये सॉल्व्हंट, म्हणजे द्रावक रसायनं, भरून पाठवतो. सध्या कागदी लेबलं वापरतो, छपाई वॅक्स रिबनवर (प्रिंटरमध्ये तापून शाई उतरवणारी मेणाची फीत). उन्हाळ्यात निभतं, पण कोकणातला पाऊस लागला की कोपरे उचलायला लागतात. भरताना टोल्युइन या सॉल्व्हंटचा ओघळ आला तर फडकं फिरवताच बॅच नंबर गायब!

एचडीपीईला मुळात गोंदच नीट धरत नाही, त्यात ड्रम घामेजलेला असला की संपलंच. म्हणून पॉलिप्रॉपिलिन नाहीतर पॉलिएस्टर फिल्म आणि फुल रेझिन रिबनवर (मेणाऐवजी रेझिनच्या शाईची फीत) जायचं ठरतंय. रेझिनची छपाई तरी टोल्युइनला कितपत पुरते? वरून पारदर्शक लॅमिनेशन करणारं कुणी आहे का? मालक खर्चाला तयार आहेत, हे विशेष.

खरा घोळ निर्यातीचा. गिऱ्हाईक बीएस ५६०९ हे ब्रिटिश मानक मागतंय, म्हणजे समुद्राच्या पाण्यात ३ महिने टिकणारं लेबल. सप्लायर सेक्शन २ चं सर्टिफिकेट पुढे करतो, पण ते फक्त कोऱ्या मटेरियलचं. छपाई सेक्शन ३ मध्ये येते आणि तिथे प्रिंटर, रिबन, लेबल अशी जोडीच पास व्हावी लागते ना? तुम्ही कुठली जोडी वापरता? ड्रम पुसायला आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) चालतं का? आणि लेबल लावल्यावर किती तासांनी ड्रम उघड्यावर काढता?

फोटो टाकलेत तर फारच बरं होईल.