मदत हवी आहे: निशिगंधाला नुसती पात, दांडा नाही, आणि ग्रिलची राख वाफ्यात घालू का?

मुक्काम सेंट्रल न्यू जर्सी, झोन ७ (हिवाळ्यातल्या थंडीनुसार पाडलेला अमेरिकेतला बागकाम विभाग). मागच्या अंगणात लॉनच्या कडेला निशिगंधाचे कंद लावले आहेत. जात ‘द पर्ल’, म्हणजे दुहेरी फुलांची. इथल्या दुकानांत बहुतेक तीच मिळते. गेल्या वर्षी पात भरघोस आली, दांडा एकही नाही. थंडीआधी कंद उकरले, माती झटकली आणि कागदी पिशवीत गराजमध्ये ठेवले. मेच्या अखेरीस तेच परत लावले. आता जून संपत आलाय आणि पुन्हा तीच हिरवीगार पात.

यंदा गणपती १४ सप्टेंबरला आहेत आणि सासूबाई तेव्हा इथे असतील. गौरींपुढे घरच्या निशिगंधाचे दांडे ठेवायची माझी फार इच्छा आहे. यंदा काही आशा आहे का?

दुसरा प्रश्न त्याच अंगणातला. उन्हाळाभर दर शनिवारी कोळशाचं ग्रिल पेटतं. शेजारच्या काकू म्हणतात, राखेत पोटॅश असतं, फुलझाडांना घाल. कोळसा ब्रिकेटचा, म्हणजे भुकटी दाबून केलेल्या वड्यांचा आहे. घालू का? आणि भाज्यांचंही सांगा: भरताचं वांगं वरून कोळसा होतं, देठाशी कच्चं राहतं. झुकिनी तर लिबलिबीतच होते.

प्रतिसाद १
ताई, आधी कंदाची जाडी बघा. दोन सेंटीमीटरपेक्षा बारीक कंद त्या वर्षी सहसा फुलत नाही, पातच देतो. शिवाय एक कंद एकदाच फुलतो. पुढचा दांडा त्याच्या बाजूला आलेल्या पिल्लांतून येतो, आणि ती पोसायला वेळ लागतो. म्हणून गड्ड्यात गर्दी झाली की वरून झाड जोमदार दिसतं आणि फूल मात्र येत नाही.

मला जास्त शंका गराजची आहे. निशिगंध मूळचा मेक्सिकोचा, त्याला गारठा सोसत नाही. कंद कोरडे आणि साधारण १५ अंश सेल्सियसच्या वर राहतील असे ठेवायचे, म्हणजे घरातल्या कपाटात. लॉनला घातलेलं नायट्रोजनचं खत वाफ्यात वाहून येत असेल तर तेही पातच वाढवतं. तिकडे कडेने आडोसा करा. ऊन किमान सहा तास हवं.

लावल्यापासून दांडा यायला तीन ते चार महिने धरा, दुहेरीला त्याहून थोडे जास्तच. मेअखेरच्या लागवडीला सप्टेंबर उजाडणार, त्यामुळे कंद जाड असतील तर आशा सोडू नका. पुढच्या वर्षी मार्चअखेरीस घरातच कुंडीत लावा आणि मेच्या मध्यावर, रात्री उबदार झाल्या की बाहेर काढा. एकेरी ‘मेक्सिकन सिंगल’ मिळाली तर जरूर घ्या. हारासाठी सुटी फुलं आपल्याकडेही एकेरीचीच वापरतात. आणि सासूबाईंना भारतातून बॅगेत कंद आणायला मात्र सांगू नका. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्राशिवाय (कंद कीड-रोगमुक्त असल्याचा सरकारी दाखला) ते विमानतळावरच काढून घेतात.

प्रतिसाद २
ब्रिकेटची राख नको. त्यात कोळशाच्या भुकटीबरोबर बांधणीची आणि कधीकधी लवकर पेटण्यासाठीची द्रव्यं असतात. साध्या लाकडी कोळशाची राख चालते, पण बेताने. काकूंचं म्हणणं खरं आहे, पोटॅश असतं. मात्र त्याहून जास्त चुना असतो आणि मातीचा सामू (पीएच) वर जातो. निशिगंधाला ६.५ ते ७.५ सामू मानवतो. न्यू जर्सीची माती बरेचदा आम्लधर्मी असते, तेव्हा चिमूट-चिमूट राखेने फायदाही होईल, पण अंदाजाने घालू नका. रटगर्स विद्यापीठाची माती तपासणी प्रयोगशाळा आहे, तिथे नमुना पाठवा. आम्लधर्मी मातीच लागणारी ब्लूबेरी किंवा अझेलियाची फुलझाडं शेजारी असतील तर राख तिकडे अजिबात नको. आणि राख पत्र्याच्या बादलीत दोन दिवस तरी निवू द्या, आत निखारा दडलेला असतो.

प्रतिसाद ३
वांग्याचं मी सांगते, माहेर जळगाव. आमच्याकडे भरताची वांगी कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजतात. ती आच झपकन येते आणि झपकन जाते. इथलं गोल जाडजूड वांगं तसं भाजलं की तुमच्यासारखंच होणार. निखारे ग्रिलच्या एकाच बाजूला ओढा. वांग्याला सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा, निखाऱ्यांवर सगळीकडून साल काळी करा, मग मोकळ्या बाजूला सरकवून झाकण लावा आणि देठाशी सुरी सहज जाईपर्यंत ठेवा. शक्यतो लांबट वांगी निवडा.

झुकिनीला आधी मीठ लावून ठेवत असाल तर सुटलेलं पाणी पुसून मगच जाळीवर टाका. बोटाएवढे जाड उभे काप करा. तेल कापांना लावा, जाळीला नको. कड्या आचेवर एकेक बाजू डागली की उतरवा, मीठ वरून. जर्सीचं मक्याचं कणीस मात्र कोवळं असतं, आपल्या देशी कणसासारखं फार वेळ भाजू नका. लिंबू-तिखट-मीठ तेच!

मूळ लेखिका
सगळ्यांचे मनापासून आभार. कंद न उपटता जाडी कशी बघू?

प्रतिसाद १
पातीच्या बुडाशी बोटाने माती बाजूला करा, मुळं न हलवता. जाड असतील ते तिथेच राहू द्या. बारीक असतील ते पावसाळी दिवस बघून कुंडीत हलवा आणि ती कुंडी ऑक्टोबरमध्ये घरात घ्या.