स्विफ्टमधला १२ इंची सबवूफर: आवाज मोठा आहे, पण प्रत्येक सूर एकसारखाच घुमतो

कृष्णाकाठ_कराड यांचा प्रश्न:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे पेट्रोलवर चालणारी स्विफ्ट आहे. गेल्या दिवाळीत एका दुकानातून १२ इंची सबवूफर (फक्त खालचे सूर वाजवणारा स्पीकर), त्याचा तयार पोर्टवाला खोका (हवा जायला-यायला उघडा पाइप असलेला) आणि मोनोब्लॉक (एकाच वाहिनीचा) अ‍ॅम्प्लिफायर असा संच बसवून घेतला. खोक्यावर ठळक अक्षरांत '१२०० वॅट' असे छापलेले आहे, मात्र आतल्या माहितीपत्रकात आरएमएस (सतत पेलता येणारी ताकद) ३०० वॅट, ४ ओहम, एफएस ३० हर्ट्झ, क्यूटीएस ०.४५ आणि व्हीएएस ४० लिटर असे आकडे आहेत. अ‍ॅम्प्लिफायर ४ ओहमला ४०० वॅट आरएमएसचा आहे. हेड युनिट (डॅशबोर्डमधला प्लेयर) बाहेरून घेतलेले असून त्यात हाय-पास (ठरवलेल्या सुराखालचे अडवणारा), लो-पास (त्यावरचे अडवणारा) आणि टाइम अलाइनमेंट (सर्व स्पीकरचा आवाज एकाच वेळी कानी पोहोचवणे) या सोयी आहेत, पण आजवर मी त्यांना हात लावलेला नाही.

अडचण अशी आहे की आवाज भरपूर असूनही तो स्वच्छ नाही. माझे वडील आमच्या भजनी मंडळात पखवाज वाजवतात, त्यामुळे डाव्या तोंडाची थाप खोलीत कशी उमटते आणि कशी विरते हे लहानपणापासून कानात बसलेले आहे. गाडीत मात्र पखवाज, ढोल आणि बेस गिटार या तिघांचाही एकच 'बुंऽऽ' होतो. आवाज आणखी वाढवला की फटफट सुरू होते, हेडलाइट थापेगणिक मंद होतात आणि मागची नंबरप्लेट थरथरते. दुकानदाराने गेन पाऊण, बेस बूस्ट पूर्ण १२ डेसिबल आणि लो-पास १५० हर्ट्झवर ठेवून दिला आहे, आणि तक्रार केल्यावर त्याने '१५ इंची घ्या' असा सल्ला दिला.

खोका बंद असावा की पोर्टवाला, आकार बदलावा की नाही, आणि जुळवणी कुठून सुरू करावी, हे कृपया सांगावे. एक अट आहे. सप्ताहाला जाताना पखवाज डिकीत मावला पाहिजे.


सुतारपक्षी:

कराडकर, सबवूफर बदलण्याआधी खोक्याची आतली मापे आणि पोर्टच्या पाइपाचा आतला व्यास व लांबी कळवा. '१२०० वॅट' हा आकडा विसरून जा, कारण तो क्षणिक शिखराचा असतो आणि तो कसा मोजला हे कोणी सांगत नाही. हिशेब नेहमी आरएमएसवर करायचा.


कृष्णाकाठ_कराड:

आज स्पीकर काढून मोजले. खोका आतून ४४ × ३६ × २७ सेंटिमीटर आहे. पोर्टचा आतला व्यास १० सेंटिमीटर आणि लांबी १५ सेंटिमीटर आहे.


सुतारपक्षी:

मग दुखणे सापडले, असे मी खात्रीने म्हणतो. आपला खोका सुमारे ४३ लिटरचा आहे. त्यातून स्पीकरने आणि पाइपाने व्यापलेली जागा वजा केली की ३८ लिटर हवा उरते. एवढ्या हवेला १० सेंटिमीटर व्यासाचा आणि १५ सेंटिमीटर लांबीचा पाइप लावला, तर तो खोका साधारण ५२ हर्ट्झला घुमतो. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जसा एकच सूर निघतो, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे ५२ हर्ट्झच्या आसपास जे काही येईल ते फुगते, आणि पखवाज असो वा गिटार, आपल्याला खोक्याचाच सूर ऐकू येतो.

फटफटीचे कारणही याच आकड्यात आहे. पोर्ट ज्या सुराला जुळवलेला असतो, त्याच्या खाली खोक्यातली हवा कोनाला, म्हणजे स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याला, अडवत नाही, ती पाइपातून नुसती आत-बाहेर करते. चार तारांच्या बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची असते. ती वाजली की आपला कोन आधाराविना मोकाट हलतो, त्यामागची तारेची कॉइल चुंबकाच्या पट्ट्याबाहेर जाते आणि आवाज निघण्याऐवजी फटका बसतो. पोर्टवाल्या खोक्याचा आवाज जुळवणीच्या खाली दर सप्तकाला सुमारे २४ डेसिबलने घसरतो, बंद खोक्याचा १२ डेसिबलने. म्हणजे आपण १५ इंची स्पीकर अशाच खोक्यात घातला असता, तर हीच चूक आणखी मोठ्याने ऐकू आली असती.

आता आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. वडील पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात, कारण पुडीवर वजन वाढले की सूर खाली उतरतो. सबवूफरचा कोन जड ठेवतात तोही याच कारणाने, आणि त्याचा स्वतःचा उतरलेला सूर म्हणजे एफएस, आपल्या बाबतीत ३० हर्ट्झ. खोक्यात कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी वागून हा सूर पुन्हा वर चढवते. खोका जितका लहान, तितकी ही स्प्रिंग कडक. ती किती कडक असावी याचा हिशेब नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या ऑस्ट्रेलियात काम केलेल्या अभियंत्यांनी मांडला, आणि माहितीपत्रकातले आकडे आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

हिशेब अवघड नाही. व्हीएएसला (स्पीकरच्या स्वतःच्या स्प्रिंगइतकी लवचीक हवा किती लिटर, तो आकडा) खोक्याच्या लिटरने भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा आणि क्यूटीएसने (एफएसला कोन किती मोकाट घुमतो त्याचे माप) गुणा. उत्तर ०.७०७ आले तर खालपर्यंत सपाट, ना फुगलेला ना दबलेला आवाज मिळतो. आपल्या स्पीकरला त्यासाठी २७ लिटर लागतात. १५ लिटरच्या खोक्यात हेच उत्तर ०.८६ येईल आणि आवाज थोडा फुगेल. काहींना तो आवडतो, मला नाही.

म्हणून पैसे खर्च करण्याआधी एक प्रयोग करा. पोर्टचे तोंड प्लायच्या गोल चकतीने आणि सिलिकॉनने पक्के बुजवा. मग हाच खोका सुमारे ३९ लिटरचा बंद खोका होतो आणि उत्तर ०.६४ येते, म्हणजे थाप आटोपशीर आणि झटकन विरणारी. खालचा भार कमी होईल अशी भीती बाळगू नका. बंद काचांच्या लहान गाडीत साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली गाडीची पोकळी स्वतःच आवाज उचलते, आणि बंद खोक्याची घसरण बरीचशी भरून निघते.

नीट जुळवलेला पोर्टवाला खोका नक्कीच जास्त मोठा वाजतो, हे मी नाकारत नाही. पण ५० लिटरचा खोका ३३ हर्ट्झला जुळवायचा, तर १० सेंटिमीटर व्यासाचा पाइप ३६ सेंटिमीटर लांब लागतो. ३०० वॅटला तेवढ्या अरुंद पाइपातून वारा फुसफुसतो. म्हणून १५ सेंटिमीटर व्यास घेतला, तर लांबी ८६ सेंटिमीटरवर जाते. मग डिकीत पखवाज ठेवायचा की पाइप, हे आपणच ठरवा.


ओहमकार:

सुतारपक्षी यांनी खोक्याचे सांगितले, मी विजेचे सांगतो. बेस बूस्ट आजच शून्यावर आणा. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट वॅट लागतात, म्हणून १२ डेसिबलला १६ पट. जिथे अ‍ॅम्प्लिफायर २५ वॅट देत होता, तिथे त्याच्याकडे ४०० वॅट मागितले जातात. त्यापुढे तो लाटेचे डोके सपाट कापू लागतो आणि कॉइल तापत जाते. जळका वास आला, तर तो याचाच असतो.

गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. हेड युनिटकडून येणारा सिग्नल आणि अ‍ॅम्प्लिफायरची ताकद यांचा मेळ घालण्यासाठी ते असते, आणि तो मेळ कानाने नव्हे तर मल्टिमीटरने घालावा. सबवूफरच्या तारा अ‍ॅम्प्लिफायरपासून सोडवा, हेड युनिटचे सर्व इक्वलायझर सपाट करा, आवाज पाऊण पातळीवर ठेवा आणि ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा शुद्ध सूर वाजवा. मीटर एसी व्होल्टवर लावून गेन हळूहळू वाढवा. स्पीकरचे ३०० वॅट गुणिले ४ ओहम म्हणजे १२००, त्याचे वर्गमूळ ३४.६. मीटरवर साडेचौतीस व्होल्ट दिसले की थांबा. गाण्यांचे रेकॉर्डिंग क्वचितच पूर्ण पातळीला पोहोचते, म्हणून काही जण उणे ५ डेसिबलच्या सुरावर हीच जुळवणी करतात. त्याने आवाज वाढतो, पण आजकालच्या दाबून भरलेल्या गाण्यांवर तो अ‍ॅम्प्लिफायर कापू लागतो. स्वच्छ आवाज हवा असेल तर त्या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे.

हेडलाइट मंद होण्याबद्दल: ४०० वॅट देणारा क्लास डी अ‍ॅम्प्लिफायर ८० टक्के कार्यक्षम धरला, तर तो पूर्ण भारावर ५०० वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टला सुमारे ३६ अँपिअर खेचतो. त्यासाठी चार गेजची, म्हणजे २१ चौरस मिलिमीटरची शुद्ध तांब्याची तार हवी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार त्याच जाडीने विकली जाते. ती हातात घेतली की हलकी लागते आणि खरवडली की आतून पांढरी दिसते. फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत असलाच पाहिजे, कारण तो अ‍ॅम्प्लिफायरसाठी नव्हे, तर तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. सर्वांत आधी अर्थिंगचा बोल्ट तपासा. कपॅसिटर विकत घेण्याचा सल्ला कोणी दिला तर तूर्त ऐकू नका.


ढोलपथक_३५:

इतका अभ्यास कशाला? दुसरा १२ इंची स्पीकर घ्या आणि वॅटही दुप्पट करा, सरळ ६ डेसिबल वाढतात. शेजारच्या गल्लीत कळले पाहिजे.


पुणेरी_कान:

६ डेसिबलचा हिशेब बरोबर आहे, पण प्रश्नकर्त्याला शेजारच्या गल्लीची नव्हे, पखवाजाची चिंता आहे.

कराडकर, लो-पास १५० हर्ट्झवर असणे ही माझ्या मते खोक्याइतकीच मोठी चूक आहे. तेवढ्या वर सबवूफर वाजू लागला की कानाला दिशा कळते आणि गायक पुढे बसलेला असताना पखवाजी डिकीत बसल्यासारखा वाटतो. सबवूफरला लो-पास ८० आणि दारांतल्या स्पीकरना हाय-पास ८० हर्ट्झवर ठेवा. थापेचा पहिला खणखणीत भाग, बोटांचा आणि पुडीचा आवाज, दारांतूनच येतो. सबवूफर फक्त त्यामागचा भार देतो. म्हणून दाराच्या पत्र्याला आतून ब्यूटाइलचे डॅम्पिंग (थरथर शोषणारा रबरी थर) लावणे हा बेसवरचाच खर्च समजावा.

यानंतर ८० हर्ट्झचा सूर लावून चालकाच्या जागी बसा आणि फेज (सबवूफरच्या लाटेची सुलट किंवा उलट दिशा) ० व १८० अशी फिरवून पाहा. जिथे आवाज भरीव होतो ती जागा बरोबर, मग खुणेवर काहीही लिहिलेले असो. शेवटी टाइम अलाइनमेंट करा. सबवूफर कानापासून २.२ मीटरवर आणि उजव्या दाराचा स्पीकर १ मीटरवर असेल, तर १.२ मीटरच्या फरकासाठी दाराचा आवाज साडेतीन मिलिसेकंद उशिरा सोडावा लागतो. ही अंतरे टेपने मोजा आणि मग कानाने थोडे इकडेतिकडे करा.


कृष्णाकाठ_कराड:

सर्वांचे मनापासून आभार. तीन रविवार यात गेले, पण बराच मार्ग निघाला आहे.

पोर्ट बुजवल्यावर पहिली दहा मिनिटे निराशा झाली, कारण आवाज कमी वाटला. मग लक्षात आले की नाहीसा झाला होता तो फक्त 'बुंऽऽ'. बेस गिटारचे चार सूर चार वेगळ्या जागी ऐकू येऊ लागले. मल्टिमीटर लावला तेव्हा दुकानदाराच्या जुळवणीत ५० हर्ट्झला ४७ व्होल्ट दिसत होते. बूस्ट शून्यावर आणून ३४.५ वर थांबलो. अर्थिंगचा बोल्ट चक्क रंगावरच आवळलेला होता. रंग खरवडून घट्ट केल्यावर हेडलाइटचे लुकलुकणे जवळजवळ थांबले. फेज १८० वर बरोबर बसली, जे मी स्वतःहून कधीच करून पाहिले नसते.

नंबरप्लेटसाठी २० ते १०० हर्ट्झचा चढता सूर हळूहळू वाजवून गाडीभोवती फिरलो. ४८ ला प्लेट, ५६ ला मागची पार्सल ट्रे आणि ७० च्या पुढे जॅकची पिशवी बोलत होती. फोमच्या पट्ट्यांचे काम पन्नास रुपयांत झाले. एक शंका उरली आहे. ६५ हर्ट्झच्या आसपास आवाज एकदम खाली बसतो. तिथे इक्वलायझरने वर उचलावे का?

रविवारी वडिलांना पुढच्या सीटवर बसवून पखवाजाचे एक जुने ध्वनिमुद्रण ऐकवले. पाच मिनिटे ऐकून ते म्हणाले, 'वाद्य ओळखू येते, पण कणीक थोडी जास्त झाली आहे.' सबवूफरची पातळी ३ डेसिबलने खाली आणली, तेव्हा त्यांनी मान डोलावली.


पुणेरी_कान:

६५ ला उचलू नका. दोन लाटा उलट येऊन एकमेकींना खात असतील, तर कितीही वॅट ओतले तरी तो खड्डा भरत नाही. सबवूफरचे तोंड सीटकडून मागच्या दाराकडे फिरवा आणि दारांचा उशीर अर्ध्या-अर्ध्या मिलिसेकंदाने बदलून पाहा. वडिलांचा कान मात्र मीटरपेक्षा चांगला आहे.


सुतारपक्षी:

आता कायमचा खोका करायला हरकत नाही. आतून ३६ × ३४ × २४.५ सेंटिमीटर ठेवा, म्हणजे ३० लिटर होतील. त्यातले सुमारे ३ लिटर स्पीकर स्वतः व्यापेल आणि २७ उरतील. एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड) कापायला सोपे असते, पण आपल्याकडच्या पावसात डिकीत ओल आली की कडा फुगतात. १८ मिलिमीटरचा मरीन प्लाय घ्या, आयएस ७१० (मरीन प्लायचे भारतीय मानक) चा शिक्का पाहून. सांधे डिंक आणि स्क्रूने जोडून आतून सिलिकॉन भरा. स्पीकर बसवल्यावर कोन दोन्ही हातांनी हळूच दाबून सोडा. तो सावकाश परत आला तर खोका हवाबंद आहे, चटकन आला तर कुठेतरी फट राहिली आहे.