माथेरानची हातरिक्षा बंद: उशीर झाला की घाई झाली?

गुलमोहर (धागाकर्ती)

गेल्या जानेवारीत आईला घेऊन माथेरानला गेले होते. आई ७४ वर्षांची, दोन्ही गुडघे दुखरे. वर मोटारींना बंदी. छोट्या रेल्वेगाडीची शटल चुकली होती आणि घोड्यावर बसायचं तिला धाडस होईना. शेवटी जिथे टॅक्सी थांबते त्या दस्तुरी नाक्यावर हातरिक्षा केली. दांड्यांच्या मध्ये एक जण, मागून ढकलायला दुसरा, आणि मी शेजारून चालत.

चढ लागला की पुढचा माणूस इतका वाकायचा की त्याची हनुवटी दांडीला टेकेल असं वाटायचं. उताराला मागचा दोन्ही टाचा तांबड्या मातीत रुतवून गाडी धरून ठेवायचा. अर्ध्या वाटेत आई म्हणाली, "बाबा थांब, मी उतरते." तो घाबरून म्हणाला, "नको मावशी, बसून राहा. तुम्ही उतरलात तर आमची रोजी बुडेल." त्याला वाटलं, ही आता पैसे कापणार. पूर्ण पैसे देणार हे आम्ही दोन-तीनदा सांगितलं तरी तो थांबला नाही. उरलेला रस्ता आई डोळ्यांना पदर लावून बसली होती.

६ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने माथेरानमधली ही प्रथा सहा महिन्यांत बंद करायला सांगितलं. ओढणाऱ्यांना ई-रिक्षा द्या, त्यांचं पुनर्वसन करा आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका, असंही शासनाला बजावलं. निकाल वाचून मला मनापासून बरं वाटलं. पण आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर बरेच जण हळहळले, "आता माथेरान संपलं" म्हणाले. ती हळहळ मला पटत नाही. ज्या शांततेसाठी आपण तिथे जातो, तिची किंमत इतकी वर्षं कुणाच्या तरी पाठीतून वसूल होत होती. तुम्हाला काय वाटतं?

रानवाट

ताई, तुमच्या आईंचा प्रसंग वाचून गलबललो. हातरिक्षा जायलाच हवी होती, त्यात वाद नाही. माझा विरोध ई-रिक्षाला आहे.

तीस वर्षं माथेरानला जातोय. मुलाला पहिल्यांदा शीळकरी कस्तूर पक्षी ऐकवला तो तिथेच, शार्लोट लेकच्या वाटेवर. हॉर्न नाही, इंजिन नाही, म्हणून ती शीळ दरीपलीकडून येऊनसुद्धा कानात शिरली. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००३ मध्ये हा डोंगर आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा पट्टा पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, तो काही उगाच नाही.

ई-रिक्षा म्हटली की सपाट रस्ता आला, रस्ता म्हटला की पेव्हर ब्लॉक आले. कोर्टाने ब्लॉक दस्तुरीपासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच ठेवायला सांगितलेत, आतल्या वाटांवर मनाई केली आहे. पण एकदा चाक आत शिरलं की "अजून थोडं पुढे" हे होतंच. आज ई-रिक्षा, उद्या हॉटेलांच्या सामानाच्या गाड्या, परवा पर्यटकांच्या. त्यापेक्षा दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरानपर्यंतच्या शटलच्या फेऱ्या वाढवा. रूळ आधीच टाकलेले आहेत.

टाप

आमचे घोडे आहेत. आजोबांपासून. इथे साडेचारशेच्या आसपास घोडे आहेत, त्यांच्यावर कितीतरी घरं चालतात. हातरिक्षा ९४. सगळे हातरिक्षावाल्यांबद्दल बोलतात, आमच्याबद्दल कोण बोलतंय?

ब्लॉकवरून घोड्याचा नाल सरकतो. गेल्या पावसाळ्यात माझी घोडी उतारावर पुढच्या दोन्ही गुडघ्यांवर आली, दीड महिना उभी ठेवली. त्या दीड महिन्यात चारा, भरडा, डॉक्टर सगळं पदरचं. कातडं सोललं होतं तिथे अजून केस आलेले नाहीत. मातीच्या रस्त्यावर असं होत नाही. आम्हाला विचारून रस्ता केला असता तर कडेने एक मातीची पट्टी सोडा म्हणून सांगितलं असतं. एवढंच मागणं आहे.

नेरळचा

रानवाट, माझ्या वडिलांनी २२ वर्षं हातरिक्षा ओढली. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, ई-रिक्षा कुणी वरून लादलेली नाही. ओढणाऱ्यांच्या संघटनेनेच ती मागितली, कोर्टात गेली, वर्षानुवर्षं खेटे घातले. डिसेंबर २०२२ मध्ये चाचणी म्हणून गाड्या सुरू झाल्या तेव्हा बाबा नुसते बघायला दस्तुरीला गेले. चालवायला नाही, त्यांची कंबर कधीच गेली होती. एका गाडीच्या सीटवर हात फिरवला आणि परत आले.

दुसरी गोष्ट, तुम्ही ज्याला शांतता म्हणता ती पाहुण्यांसाठी होती. वर चार हजारांच्या वर माणसं राहतात. दप्तर घेऊन चढणारी पोरं आहेत, दिवस भरलेल्या बायका आहेत. पावसात अडीच-तीन किलोमीटर चिखल तुडवायचा म्हणजे काय, हे शनिवार-रविवार येणाऱ्याला कळत नाही. अँब्युलन्सला परवानगी आहे, पण रोजचं डॉक्टरकडे जाणं अँब्युलन्सने होत नसतं.

शटल वाढवा, नक्की वाढवा. पण ती दस्तुरीजवळून सुटते आणि बाजारात थांबते. पुढे घरापर्यंत कोण नेणार?

टापभाऊंचं मात्र शंभर टक्के बरोबर आहे. मातीची पट्टी ठेवायला हवी होती. आणि गाड्या ठेकेदाराच्या हातात गेल्या तर आम्हीही विरोध करू. परवाना ज्याने दांडी धरली त्याच्याच नावावर हवा.

कोकणकडा

थोडं वेगळं लिहितो. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट वर चढले आणि "त्यांनी माथेरान शोधलं" असं आपणही लिहितो. ठाकर, धनगर, कातकरी त्याआधीपासून इथे वावरत होते, इथल्या ग्रामदैवताला, पिसारनाथाला, नारळ फोडत होते. लुईझा, अलेक्झांडर, हार्ट, शार्लोट ही इथल्या जागांची नावं तोंडपाठ असणाऱ्या किती जणांना ठाऊक आहे की विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल माथेरानचे? नाभिक समाजातल्या घरात जन्म, वकिली शिकले, बेचाळीसमध्ये आझाद दस्ता हा भूमिगत क्रांतिकारी गट उभारून विजेचे मनोरे पाडले आणि २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर हुतात्मा झाले. हातरिक्षा राहिली काय, गेली काय, आपण माथेरान बघतो ते अजून साहेबाच्याच खुर्चीवरून. पॉइंटांची नावं बदला.

रानवाट

कोकणकडा, नावं बदलून चढ कमी होत नाही. आणि सगळंच साहेबाचं नाही. पायथ्याच्या नेरळहून वर येणारी छोटी गाडी १९०७ साली सुरू झाली ती आदमजी पीरभॉय यांच्या पैशावर आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांच्या हट्टावर. सोळा लाख रुपये घातले त्या काळी. भाई कोतवालांची माहिती प्रत्येक पर्यटकाला मिळायला हवी, यावर मात्र सहमत.

नेरळचा, तुमच्या वडिलांबद्दल वाचून गप्प झालो. घरापर्यंत नेण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात आलाच नव्हता. तरीही संख्येवर ठाम बंधन हवं. ९४ परवाने म्हणजे ९४ गाड्या, पंचाण्णवावी नाही. आणि पुतळ्याच्या पुढे पर्यटकांनी चालावं. एवढं लिखित मिळालं तर माझा विरोध मागे.

टाप

९४ ला आमचीही हरकत नाही. पॉइंटांवर चाक नको. पॉइंट घोड्याचे.

गुलमोहर (धागाकर्ती)

टाप, घोडीबद्दल वाचून वाईट वाटलं. मातीच्या पट्टीचं मला माहीतच नव्हतं. नगरपरिषदेला पत्र लिहायचं असेल तर मजकूर मी तयार करते, सह्या तुम्ही गोळा करा.

नेरळचा, आईला तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. तिला परत यायचं आहे. जुलैमध्ये जमेल का?

नेरळचा

मावशींना जरूर आणा. फक्त पावसाळ्यात नेरळहून वर छोटी गाडी नसते, १५ जून ते १५ ऑक्टोबर बंद. टॅक्सीने दस्तुरीपर्यंत या, तिथून अमन लॉजची शटल पकडा. तिकिटाला रांग असते, सकाळी लवकर निघा. पुढचं घरापर्यंत मी बघतो. बाबाही भेटतील.